पंच्याऐंशी हजारांची तार : न ऐकता मत द्यावं का?

विश्रामबागकर
गेल्या रविवारी आम्ही चौघे एका दोस्ताच्या हॉलमध्ये बसलो होतो. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी नवी तार त्यानं दाखवली. तीन-तीन मीटरची जोडी, बोटाएवढी जाड, वर विणलेलं निळं कापड, किंमत ८५ हजार. मी म्हटलं, "इलेक्ट्रिकच्या दुकानातली चांगली तांब्याची वायर लावली असतीस तरी आवाज हाच आला असता." तो म्हणाला, "ऐकलीयस का ही तार? मग बोलायचं नाही." बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

माझं म्हणणं असं, की हे सांगायला ती तार ऐकावी लागत नाही. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम. तीन मीटर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे ०.०७ ओहम. समोर स्पीकर ८ ओहमचा. आवाजात घट पडली तर ०.०८ डेसिबलची, आणि ती कुणाच्याही कानाला कळायची नाही. वायरिंगमध्ये माझी बावीस वर्षं गेलीत. तांबं कुणाची किंमत बघून वाहत नाही.

कृष्णाकाठ
तो दोस्त मीच. लपवत नाही.

८ ओहम हा स्पीकरच्या पाठीवर छापलेला आकडा. गाणं चालू असताना काही स्वरांना तोच स्पीकर ४ च्याही खाली उतरतो. तुमचं गणित तिथंच लंगडं पडलं. आणि दुसरं, आमचं घराणं हळदीच्या व्यापारातलं. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आमच्याकडं कुणी भाव बोलत नाही. मग कानाच्या वस्तूचा भाव कागदावर कसा ठरवता? गेले दोन महिने मी रोज रात्री तासभर ऐकतोय. तंबोरा आधी गायकाच्या मागं चिकटल्यासारखा यायचा, आता सुटा ऐकू येतो. मला येतो, म्हणजे येतो.

विश्रामबागकर
४ ओहम धरा. मग अडीच स्क्वेअर एमएमची वायर घ्या, घट पुन्हा ०.१ डेसिबलच्या आसपास. खर्च काही शे रुपये. आणि हळदीचं म्हणाल, तर बाहेरदेशी माल घेणारा हळकुंड मोडून थांबतो का? कुरकुमीन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, किती टक्के, त्याचा लॅबचा कागद मागतो की नाही? डोळ्याला पिवळं दिसतं म्हणून तो पैसे मोजत नाही.

मिरजेची जवारी
तंबोऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या सतार-तंबोरेच होतात.

घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या तुकड्यावर, कानस मारून जवारी, म्हणजे तारेची ती गुंज, काढतात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण शेवटचं काम दोऱ्याचं. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. केसभर पुढं गेला की आवाज बसतो, केसभर मागं आला की एकदम उघडतो आणि गुंजत राहतो. हे फोटोत दिसत नाही, पट्टीनं मोजूनही मी कधी कुणाला दाखवू शकलेलो नाही. तेव्हा न ऐकता बोलायचं नाही, हे आमच्या धंद्यात शंभर टक्के खरं.

पण दुसरी बाजूही सांगतो. गिऱ्हाईक आलं की आमचे आजोबा त्याला भिंतीकडं तोंड करून बसवायचे आणि पाठीमागून एकेक तंबोरा छेडायचे. कारण समोर ठेवला की माणूस आधी भोपळ्यावरची नक्षी बघतो आणि मग त्याला तोच गोड लागतो. आजोबांना नक्षीदार तंबोरा विकून जास्त पैसे मिळाले असते, तरी बसवायचेच.

व्हायोलिनवर हाच प्रयोग २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला झाला. २१ वादक, सहा व्हायोलिन : तीन जुनी, इटलीतल्या मोठ्या घराण्यांची, तीन नवी. वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल, आणि जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तर. सर्वांत जास्त पसंती मिळाली एका नव्याला आणि सर्वांत कमी जुन्यांतल्या एका नामांकित स्ट्रॅडिव्हेरियसला. वादक ऐकतच होते की. नुसतं ऐकलं म्हणजे झालं, असं नाही.

साताऱ्याचे पेन्शनर काका
माझं वय ७२. १० हजार हर्ट्झच्या वरचं मला जवळजवळ काही ऐकू येत नाही, डॉक्टरांनी आलेखच काढून दिलाय. त्यामुळं माझ्या कानावर जाऊन कुणी काही विकत घेऊ नये.

तारेबद्दल मी विश्रामबागकरांच्या बाजूनं. पण स्पीकरलाही तोच नियम लावू नका हो. मी कागदावर उत्तम आकडे बघून एक जोडी आणली. खोली बारा फुटांची. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे अशा खोलीत जिची अर्धी लाट बारा फुटांत नेमकी बसते त्या ४७ हर्ट्झच्या आसपास आवाज फुगणार, हे मला नंतर उमगलं. खर्ज सगळा पिंपात बोलल्यासारखा. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढं ओढले तेव्हा जरा ताळ्यावर आले. शिवाय खोलीत टाळी वाजवली की मागनं ‘ट्रिंग’ यायचं. आईची जुनी गोधडी समोरच्या भिंतीवर टांगली आणि ते गेलं. सौ. म्हणाल्या, भिंतीवर गोधडी, हे काय पाहुण्यांना दाखवायचं का? एवढाच तोटा.

विश्रामबागकर
काका, स्पीकर आणि खोलीबद्दल मान्य. तिथं ऐकल्याशिवाय मत देणार नाही. धाग्याचं शीर्षक तारेचंच आहे.

कृष्णाकाठ, माझ्या घरी या. तुमची तार, माझी वायर, मध्ये पडदा. दहा वेळा लावू, कुठली ते तुम्ही ओळखा.

कृष्णाकाठ
परीक्षा म्हटलं की कान घट्ट होतात. घाईत दहा सेकंद ऐकून काय कळणार? तरी येतो. गाणी माझी.

कृष्णाकाठ
आलो जाऊन. दहापैकी नऊ बरोबर. अंदाजानं नऊ किंवा जास्त यायची शक्यता ९३ त एक, हे गणित खुद्द विश्रामबागकरांनीच करून दिलं. आता बोला.

विश्रामबागकर
बोलतो, पण पुढचंही सांगा की.

नऊ आले तेव्हा मलाच घाम फुटला. मग भाचा, जो पडद्यामागं तारा बदलत होता, त्याला नीट बघितलं. यांच्या तारेला बनाना प्लग, खटकन बसतात. माझ्या वायरची नागडी टोकं पिळून स्क्रू आवळायला त्याला दुप्पट वेळ लागत होता. गाणं सुरू व्हायला उशीर झाला की माझी वायर. कृष्णाकाठ लबाडी करत नव्हते, ते त्यांनाही कळलं नव्हतं. माझ्या वायरला तसेच प्लग लावले आणि दर वेळी दोन्ही काढून परत घालायचं ठरवलं. दुसऱ्या फेरीत दहापैकी चार.

मिरजेची जवारी
भाचा पडद्यामागून दिसत होता का? आजोबा तंबोरे छेडताना तोंडही मिटून घ्यायचे. एखादा आवडता लागला की त्यांचा श्वास बदलतो, असं आजी म्हणायची.

विश्रामबागकर
पडदा म्हणजे चादर होती. त्याची सावली पडत होती, हे आता लक्षात येतंय.

कृष्णाकाठ
चार आले, कारण तोवर साडेदहा वाजले होते आणि पाठीमागं तुमचा फ्रिज घुर्र करत होता. तार काढणार नाही. पुढच्या रविवारी माझ्या हॉलमध्ये, वीस फेऱ्या, सकाळी. भाचा नको, दुसरं कुणीतरी आणा.

विश्रामबागकर
चालेल. येताना मल्टिमीटर आणतो.

कृष्णाकाठ
मल्टिमीटर घरी ठेवा. भडंग आणा, कमी तिखट.