पहिलीच पोस्टिंग अनधिकृत बांधकामाच्या बीटवर, नेमकं काम कसं करायचं?

स्थापत्य_साताऱ्याची

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल बीई, मूळची सातारा जिल्ह्यातली, सरळसेवेतून मुंबईजवळच्या एका महापालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागले. रस्ते किंवा पाणीपुरवठा मिळेल असं वाटलं होतं, पण प्रभाग कार्यालयात अनधिकृत बांधकामाचं बीट मिळालं. बीट म्हणजे स्टेशनपासून थेट खाडीपर्यंतचा पट्टा, त्यात चाळी आहेत, तीस-पस्तीस वर्षं जुन्या सोसायट्या आहेत आणि खाडीच्या बाजूला दर महिन्याला काहीतरी नवीन उभं राहतंय. चार्ज देताना आधीच्या साहेबांनी एक लोखंडी कपाट दाखवलं, सगळ्या फायली त्यात. नोटीस दिली, पोच आहे, आणि पुढे बहुतेक फायलींत एकही कागद नाही.

मला विचारायचंय की रोज नेमकं काय करायचं असतं? एमआरटीपीचं, म्हणजे नगररचना कायद्याचं, कलम ५३ कधी लावायचं आणि महापालिका अधिनियमाचं २६० कधी? कॉलेजमध्ये बीम-कॉलम शिकवले, हे कोणीच शिकवलं नाही. आणि नगरसेवकांचे फोन येतात तेव्हा काय बोलायचं?

आई रोज फोनवर ठाण्याच्या त्या सहायक आयुक्त बाईंचं काढते, २०२१ मध्ये घोडबंदर रोडला फेरीवाल्याने हल्ला केला आणि त्यांच्या हाताची बोटं गेली होती. म्हणते बदली माग. मला बदली नकोय, काम नीट करायचंय. या खात्यात काम केलेलं कोणी असेल तर मनापासून सांगा.

टेप_आणि_ओळंबा

पोरी, आधी अभिनंदन. मी उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, अर्धी नोकरी याच खात्यात गेली. लोकांना वाटतं हे खातं म्हणजे जेसीबी आणि हातोडा, पण हातोडा हा या कामाचा शेवट असतो आणि खरं सांगायचं तर तिथपर्यंत वेळ आली म्हणजे आपण आधीच हरलेलो असतो. हे काम जोत्यावर करायचं असतं. चुन्याची फक्की मारून लाईनआउट केलेलं दिसलं, फुटिंगचे खड्डे दिसले, कॉलमच्या सळया वर आलेल्या दिसल्या की त्याच दिवशी गाडीवरून उतरायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीचा कागद, दाखवा. नसेल तर तिथेच पंचनामा. त्या टप्प्यावर बांधणाऱ्याचे काही लाखच अडकलेले असतात, आत कोणी राहत नसतं, कोर्टात जायला त्याच्याकडे काही नसतं. तोच माणूस तीन स्लॅब टाकून वर वीस कुटुंबं आणून बसवतो तेव्हा तू काहीही कर, समोर लेकुरवाळ्या बाया उभ्या राहतात, आणि त्यांचंही चुकत नाही, त्यांनी गावची जमीन विकून पैसे भरलेले असतात.

शीळफाट्याची लकी कंपाउंडची इमारत आठव. ४ एप्रिल २०१३, ७४ माणसं गेली. काही महिन्यांत सात मजले चढवले होते, परवानगी नाही, काँक्रीट पिकायला वेळ नाही, खाली लोक राहायला आलेले आणि वर काम चालू. त्या प्रकरणात बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारीही अटक झाले. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. सात मजले काही झाकून बांधता येत नाहीत ना, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते.

स्लॅब कधी टाकतात ते लक्षात ठेव. शुक्रवारी संध्याकाळी सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा साचा, पूर्ण करतात आणि शनिवार-रविवारी काँक्रीट, जोडून सुट्टी आली की तर हमखास. म्हणून शुक्रवारी दुपारी बीटवर एक फेरी मारायचीच. हिरवी जाळी, चारी बाजूंनी उंच पत्रे आणि आतून मिक्सरचा आवाज, पण बाहेर परवानगीचा बोर्ड नाही, असं दिसलं तर आत शिर. एकटी जाऊ नकोस मात्र, मुकादम बरोबर ने.

पंचनामा असा लिही की दहा वर्षांनी वाचणाऱ्या जजला ती जागा डोळ्यासमोर दिसली पाहिजे. नुसतं "अनधिकृत बांधकाम आढळले" लिहू नकोस. लिही की ९.२० बाय ६.५० मीटर, आरसीसी कॉलम ८, जोत्याची उंची अमुक, वीटकाम चार फुटांपर्यंत, स्लॅब नाही, पूर्वेला रस्ता, दक्षिणेला गॅरेजची भिंत. फोटो काढताना शेजारची जुनी ओळखीची खूण फ्रेममध्ये घे, तारीख आणि लोकेशन फोटोवर येऊ दे. "स्लॅब नाही" हे दोन शब्द फार महत्त्वाचे, कारण पुढे तो म्हणणार की बांधकाम वीस वर्षं जुनं आहे आणि घरपट्टीची पावती आणून दाखवणार. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत होत नाही हे लोकांना सांगून सांगून घसा कोरडा पडतो. पिंपरी-चिंचवडला तर अनधिकृत घरांवर शास्ती, म्हणजे दंडाचा जादा कर, लावून वर्षानुवर्षं कर घेत होते, तरी घरं अनधिकृत ती अनधिकृतच राहिली.

बीट_नंबर_चार

मॅडम मी सध्या याच कामावर आहे, दुसऱ्या महापालिकेत. वरच्या सरांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, मी फोनचं सांगतो. फोन येणारच, सकाळी साडेनऊला सुरू होतात. वाद घालायचा नाही, "हो साहेब, तुमचं पत्र द्या, फाईलला लावते" एवढंच नम्रपणे बोलायचं. पत्र कोणी देत नाही. वरिष्ठ तोंडी थांबायला सांगतात तेव्हा मात्र टिप्पणीत लिहायचं की अमुक तारखेला मा. अमुक यांच्याशी झालेल्या चर्चेनुसार कारवाई पुढे ढकलली आहे, सादर. सही होऊन आली तर आली, नाही आली तरी तुमची टिप्पणी आवक-जावकला नोंदलेली राहते. चौकशी लागते तेव्हा सगळ्यात खालच्या माणसाची वही आधी बघतात हे लक्षात ठेवा.

पाडकामाला बंदोबस्त मागावा लागतो, पोलीस स्टेशनला पत्र द्यायचं, तारीख मिळते आणि आदल्या रात्री रद्द होते कारण कुठेतरी सभा असते किंवा सण असतो. हे इतक्या वेळा होतं की नवीन माणूस खचतो. प्रत्येक मागणी आणि प्रत्येक नकार फाईलला लावा, बाकी तुमच्या हातात नाही. आणि आईंना सांगा की पाडकामाला शक्यतो पोलीस बरोबर घेऊनच जातात.

कपाटाचं म्हणाल तर सगळ्या फायली एकदम काढू नका. ज्यांचं काम आज चालू आहे त्या आधी, मग ज्या इमारती धोकादायक यादीत येऊ शकतात त्या, राहती जुनी घरं शेवटी.

कोर्टकचेरी_कल्याण

वकील आहे, अशा मॅटर्समध्ये दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय, त्यामुळे पालिकेच्या फायली कुठे पडतात ते जवळून पाहिलंय.

ढोबळमानाने, परवानगीच न घेता किंवा परवानगी सोडून केलेलं विकासकाम असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम १९६६ चं कलम ५३, आणि काम चालू असेल तर थांबवायला कलम ५४. २६० हे महापालिका अधिनियम १९४९ चं, नियम-उपविधींच्या विरुद्ध चाललेल्या बांधकामासाठी, त्यात कारणे दाखवा नोटीस द्यायची असते. मोडकळीला आलेल्या धोकादायक बांधकामासाठी २६४, ते पूर्ण वेगळं. बऱ्याच ठिकाणी एकाच कागदावर सगळी कलमं छापून नोटीस देतात आणि मग समोरचा वकील म्हणतो नेमकी कोणत्या कलमाखाली कारवाई आहे तेच कळत नाही. एक कलम धरा आणि त्याच रस्त्याने शेवटपर्यंत जा.

५३ च्या नोटिसीनंतर समोरचा माणूस बांधकाम नियमित करायला ५३(३) खाली अर्ज करतो, आणि तो निकाली निघेपर्यंत नोटीस तिथेच थांबते. यात फायली वर्षानुवर्षं झोपतात. तुम्ही नगररचना विभागाला दर पंधरवड्याला स्मरणपत्र देत राहा, अर्ज फेटाळला की त्या दिवशीच पुढची पायरी. दिवाणी कोर्टात स्टे घ्यायला जातील हे धरूनच चाला, तुमच्या विधी विभागाला नोटिसीबरोबरच कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय स्टे देऊ नका असा अर्ज, टाकायला सांगा, आणि एमआरटीपीच्या कलम १४९ चा मुद्दा वकिलाला द्या, या कायद्याखालच्या नोटिसीला दिवाणी दाव्यात आव्हान देता येत नाही हा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पाडकामाबद्दल जे निर्देश दिलेत ते प्रिंट काढून टेबलावर ठेवा. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस आणि बांधकामावरही डकवायची, किमान पंधरा दिवस द्यायचे, जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल करायचा म्हणजे मागची तारीख टाकता येत नाही, सुनावणी घ्यायची, कारणांसह आदेश काढायचा, आदेशानंतर परत पंधरा दिवस, आणि पाडताना व्हिडिओ. हे मोडलं तर पाडलेलं परत उभारायचा खर्च अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून, वर नुकसानभरपाई. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगत, नदी-तलावात असलेलं आणि कोर्टानेच पाडायला सांगितलेलं एवढं यातून वगळलंय. मला स्वतःला हे निर्देश योग्य वाटतात, घर पाडणं ही छोटी गोष्ट नाही आणि माणसाचं म्हणणं ऐकायलाच पाहिजे. पण त्यामुळे टेप आणि ओळंबा सरांचा मुद्दा अजून पक्का होतो, जोत्यावर पकडलंत तर या पंधरा दिवसांत कोणी बेघर होत नाही, फक्त काम थांबलेलं राहील एवढं बघायचं.

शिवाय सुप्रीम कोर्टाच्याच १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरायची पालिकेची परवानगी, बघितल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये असं म्हटलंय. तुमच्या नोटिसीची प्रत वीज कंपनीला आणि पाणी विभागाला लगेच पाठवा. मीटर लागला नाही तर कुटुंबं राहायला येत नाहीत.

तळमजल्याच्या_वर

मी अभियंता नाही, पस्तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. ताई, तुम्हाला एक विनंती करायची म्हणून लिहितेय. नवीन इमारतींइतकंच आमच्यासारख्यांच्या तक्रारींकडेही बघा. घाटकोपरची साई सिद्धी २५ जुलै २०१७ ला पडली, १७ माणसं गेली, तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचं पुढे आलं. आमच्याकडेही खालच्या गाळेवाल्याने दोन गाळे एक करायला भिंत पाडायला घेतली, ब्रेकरने आमच्या ओट्यावरची भांडी हलायची, आणि भिंतीत शेवटी कॉलमची सळई उघडी पडलेली मी स्वतः बघितली. ऑफिसात तक्रार दिली तर म्हणाले अंतर्गत दुरुस्तीला परवानगी लागत नाही. चौथ्या दिवशी एक तरुण इंजिनियर आले, खाली वाकून टॉर्च मारून बघितलं आणि जागेवर काम थांबवलं, गाळेवाल्याला स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला आणायला लावला, तोपर्यंत लोखंडी टेकू लावायला लावले. आमच्या अख्ख्या बिल्डिंगला त्यांचं नाव पाठ आहे. तुम्ही बदली मागू नका हो.

टेप_आणि_ओळंबा

ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलंय. रंग, फरशी, प्लास्टर याला परवानगी लागत नाही, पण खांब, तुळई किंवा लोड बेअरिंग भिंतीला हात लागला की तो प्रश्नच वेगळा, अशी तक्रार त्याच दिवशी बघायची. आणि तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या २६५अ खाली स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचा दाखला लागतो, बीटमधल्या अशा सोसायट्यांची यादी पावसाळ्याआधी काढून ठेव.

स्थापत्य_साताऱ्याची

सगळ्यांचे खूप खूप आभार, हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. अजून दोनच अडचणी. एक म्हणजे पंच म्हणून सही करायला शेजारचं कोणीच तयार होत नाही, सगळे म्हणतात आम्हाला इथेच राहायचंय. दुसरं, साईटवरचे मजूर मालकाचं नाव सांगत नाहीत, मग नोटीस कोणाच्या नावाने काढू?

बीट_नंबर_चार

शेजाऱ्यांना आग्रह करूच नका, त्यांचं खरं आहे, त्यांना रात्री तिथेच झोपायचंय. दुसऱ्या विभागातले दोन कर्मचारी पंच म्हणून घ्या, आरोग्य किंवा कर विभागातले, चालतं. शेजाऱ्यांनी सही नाकारली हेही पंचनाम्यात लिहा. नावासाठी सातबारा किंवा सिटी सर्व्हेकडून मालमत्ता पत्रक काढा, कर विभागात त्या जागेची नोंद बघा, आणि ते हाती येईपर्यंत थांबू नका, "मालक / भोगवटादार / बांधकामधारक" असं लिहून आजच नोटीस डकवा आणि डकवतानाचा फोटो घ्या. नाव मिळालं की त्या नावाने रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवा आणि मुदत त्या दुसऱ्या नोटिसीपासून मोजा.