प्रतिसाद: सुई घेतली तरी पोटाची सुटका नाही
'इंजेक्शन पोटातून जात नाही, मग ॲसिडिटीची भीती कसली' हे डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाबद्दलचं वरचं म्हणणं पटलं नाही. डायक्लोफेनॅक कमरेत टोचलं तरी रक्तातून सगळीकडे पोचतं आणि जठराच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही शरीरातली रसायनं कमी करतंच. अल्सरवाल्याला गोळी काय नि सुई काय!

बीपीच्या गोळ्यांचं मात्र इथे कुणीच बोललं नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी औषधांची पिशवीच टेबलावर ओतायला लावली. बीपीचं टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकाच गोळीत निघालं. त्यात डायक्लोफेनॅकची भर म्हणजे किडनीवर तिहेरी ताण, म्हणून शिरेतून पॅरासिटामॉल दिलं. एरवीही डायक्लोफेनॅकची ७५ मिलिग्रॅमची इंजेक्शनं दिवसाला जास्तीत जास्त दोन, तीही दोनच दिवस. आमच्याकडे गुडघेदुखीला आठवडाभर रोज टोचून घेणारे आहेत, ते वेगळंच.