सशाच्या पॅटर्नवरून हत्ती विणायचा आहे, मदत हवी आहे

वेलबुट्टी: माझ्या मुलीला गोष्टीतला निळा हत्ती हवा आहे आणि माझ्याजवळ क्रोशाचा पॅटर्न आहे तो सशाचा. धड तसेच ठेवून कान व सोंड तेवढी बदलावी असा बेत होता, परंतु डोकेच दुधी भोपळ्यासारखे लांबोळके होत आहे. टाके बरोबर आहेत, दोनदा उसवून मोजले. वाढदिवस रविवारी आहे, तेव्हा कृपया लवकर सांगा.

उसवाउसवी: लोकर कोणती, सुई किती मिलिमीटरची, मूल किती वर्षांचे? लक्षणे न सांगता औषध मागितल्यासारखे झाले हे.

जुनीलोकर: क्रोशा सोडा आणि दोन सुयांवर विणा, असे मी प्रत्येकाला सांगते.

वेलबुट्टी: लोकर पॅटर्नमधलीच आहे, सुई अडीचची आहे आणि मुलगी दोन वर्षांची आहे. दोन सुयांचे विणकाम मला येत नाही. घट्ट विणूनही भोकांतून कापूस डोकावतो, हे सांगायचे राहिले.

गुंताराम: मग सुई मोठी आहे, दोनची घ्या.

उसवाउसवी: त्याने डोके लहान होईल, गोल होणार नाही. वेलबुट्टी, तुम्ही मुका खांब (बुटका टाका) घालता की खांब (उंच टाका)?

वेलबुट्टी: पॅटर्नमध्ये डबल क्रोशे लिहिले आहे, म्हणजे खांबच ना?

उसवाउसवी: इथेच घोटाळा आहे. ब्रिटिश पॅटर्नमधला डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, ज्याला अमेरिकी पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे म्हणतात. मॅजिक रिंगमध्ये (धाग्याचा ओढून बंद होणारा सुरुवातीचा फास) ६ टाके घेऊन दर फेरीला ६ वाढवत ३६ पर्यंत जायचे आणि काही साध्या फेऱ्यांनंतर तसेच कमी करत यायचे, हा गोळ्याचा हिशेब मुक्या खांबाच्या उंचीवर बसवलेला असतो. खांब त्याहून बराच उंच असल्यामुळे डोके लांबते आणि टाक्यांत फटी राहतात.

सोंडेसाठी ६ टाक्यांची रिंग करून एकदा १२ पर्यंत वाढवा आणि पुढे सरळ नळी विणा. बाक हवा असेल तर एकाच फेरीत एका बाजूला दोन टाके वाढवून समोरच्या बाजूला दोन कमी करा, म्हणजे एकूण संख्या तीच राहते आणि नळी वळते. कानांसाठी दोन सपाट चकत्या पुरतात, मात्र त्यांत कापूस भरू नये.

गुंताराम: डोळे प्लॅस्टिकचे लावा, मागे वॉशर असला की निघत नाहीत.

उसवाउसवी: वॉशर निघाला नाही तरी ताणलेल्या टाक्यांतून अख्खा डोळा बाहेर येऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला डोळे धाग्यानेच भरावेत.

गुंताराम: माझ्या भाच्याच्या अस्वलाचे डोळे अजून जागेवर आहेत.

उसवाउसवी: भाचा किती वर्षांचा आहे?

गुंताराम: नऊ.

वेलबुट्टी: शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरांत 'ब्रिटिश संज्ञा' असे छापलेले सापडले. डोके तिसऱ्यांदा उसवले असून २४ टाक्यांपर्यंत आले आहे आणि या वेळी वाटीसारखे वळत आहे. डोळे काळ्या धाग्याने भरेन.

लोकरमाया: चर्चेचा धागा आत्ताच पाहिला. सशाचे कान ताठ राहावेत यासाठी कडेने दुहेरी लोकरीची एक फेरी घालावी.