६ फुटी प्लायची माशांची टाकी: आतून इपॉक्सी की होडीचं फायबर?

खाडीकाठ (रत्नागिरी):
कालुंदर पाळण्यासाठी घरात ६ फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट उंच टाकी बांधायची आहे. सगळी काचेची परवडत नाही, म्हणून प्लायचा खोका आणि फक्त समोर काच. मिरकरवाड्याला होड्यांची कामं करणारे म्हणतात फायबर मारा, हार्डवेअरवाला बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गळ्यात मारतोय. आतून नक्की काय लावू? काच किती एमएमची? आणि वरच्या मजल्यावर ठेवली तर?

जांभाचिरा:
वरचा मजला विसरा. ३० घनफूट म्हणजे साधारण ८५० लिटर. वाळू, दगड, खोका धरून वजन टनाच्या वर जातं आणि ते जेमतेम १५ चौरस फुटांवर येतं, म्हणजे चौरस मीटरला ७०० किलोच्या पुढे. घराची स्लॅब साधारण २०० किलोचा वापर-भार धरून काढलेली असते. तळमजल्यावर, भिंतीलगत, चिऱ्याच्या चार आडव्या भिंतींवर कडप्पा टाका, कडप्प्याचे सांधे भिंतींवरच येऊ द्या, वर अर्धा इंच थर्माकोल. लोखंडी स्टँड समुद्राच्या हवेत गंजतो, तो नकोच.

प्लाय १९ एमएम, आयएस ७१० छापाचा मरीन, म्हणजे ओलीत टिकणारा. ८×४ चे दोन पत्रे बरोबर पुरतात: एकातून तळ आणि एक बाजू, दुसऱ्यातून पाठ, पुढा आणि दुसरी बाजू. पुढ्याला चारही बाजूंनी ३ इंच सोडून ६६×१८ इंचांची खिडकी कापा. निघालेला तुकडा फेकू नका, त्याच्या पट्ट्या पुढच्या चौकटीला बाहेरून चिकटवून ती दुप्पट जाड करा. कारण भरलेल्या टाकीत समोरच्या बाजूवर सव्वातीनशे किलोच्या आसपास रेटा असतो. नुसत्या आतल्या लेपामुळे टाकी गळते हा गैरसमज आहे. खोका फुगतो, कोपरा हलतो आणि तिथे लेप चिरतो.

स्क्रू फक्त स्टेनलेसचे, २ इंची, दर ४ इंचांवर, आधी भोक पाडून. सांध्यात पाण्यात टिकणारा गोंद. निचऱ्याचं भोक लेपाआधीच पाडा.

गेलकोट_मालवण:
बाथरूमचं सिमेंटी वॉटरप्रूफिंग प्लायवर टिकत नाही, प्लाय हलला की पापुद्रे सुटतात. होडीचं फायबर, म्हणजे काचतंतूंच्या मॅटवर पॉलिएस्टर रेझिन, वाईट नाही, पण ते साच्यात घालून स्वतःच्या ताकदीवर उभं राहतं. लाकडाला त्याची पकड कमी. मी इपॉक्सीच सांगेन, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवून लावायचा लेप.

फायबरचंच करायचं ठरलं तर साधं जीपी (सर्वसाधारण कामाचं) पॉलिएस्टर नको, पाण्याला जास्त टिकणारं आयसो रेझिन घ्या. आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारा द्रव) व हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, पेट घेतो किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर नंतर.

इपॉक्सीला चटईसारखी मॅट चालत नाही. तिचे तंतू धरून ठेवणारा बांध पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननेच विरघळतो, इपॉक्सीत ती कडक राहते आणि खाली हवा अडकते. चौरस मीटरला २०० ग्रॅमचं विणलेलं काचकापड घ्या. आतलं क्षेत्र ४१ चौरस फूट, सुमारे ३.८ चौरस मीटर. कापड ५ मीटर, रेझिन-हार्डनर मिळून ५ किलो धरा.

क्रम असा. पहिला हात पातळ, प्लायच्या कापलेल्या कडांना तीनदा, कारण पाणी पिते ती कडच. मग इपॉक्सीत एरोसिल पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा आणि प्रत्येक आतल्या कोपऱ्यात अर्ध्या इंचाची गोलाई द्या. काटकोनात कापड बसत नाही, मागे पोकळी राहते. गोलाई चिकट असतानाच कापड, वर दोन हात. प्रमाण डब्यावर लिहिलेलं, वजनकाट्यावर. हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, लेप मऊ राहतो.

एका वेळी २०० ते ३०० ग्रॅमच कालवा आणि पसरट ताटात ओता. एप्रिलच्या उकाड्यात खोल डब्यातलं रेझिन धूर सोडायला लागतं. सकाळचं दव गेल्यावर सुरू करा. दमट हवेत वर तेलकट पांढुरकी साय येते; पाण्याने आणि घासणीने धुऊन, वाळवून मगच पुढचा हात. नाहीतर थर सुटतात. शेवटच्या हातानंतर आठवडाभर पाणी नको.

खाडीकाठ:
काच बाहेरून बसवायची की आतून? सिलिकॉन कुठलं?

जांभाचिरा:
आतूनच, म्हणजे पाणी तिला चौकटीवर दाबतं. १२ एमएम साधी फ्लोट, ६९×२१ इंच, कडा घासून. वजन २८ किलो, दोन माणसं लागतात. टाकी पुढ्यावर आडवी पाडून वरच्या तोंडातून काच सरकवायची. टाकीच्या तोंडाभोवतीची ४ इंची चौकट आणि काठ फुगू नये म्हणून मध्ये घालायची आडपट्टी काच बसल्यावर लावा, आधी लावलीत तर काच आत जाणार नाही. त्यांना लेप मात्र वेगळा, आधीच द्या.

सिलिकॉन व्हिनेगरच्या वासाचं, शंभर टक्के सिलिकॉन, चार ट्यूब. ज्यावर ‘बुरशीरोधक’ लिहिलंय ते नको, त्यातलं विष माशांना बाधतं. चौकटीवरची इपॉक्सी १२० च्या कागदाने घासून पुसा. ४ एमएमचे ठोकळे ठेवून काच दाबा, पूर्ण चेपलीत तर सिलिकॉन बाहेर येऊन सांधा कोरडा पडतो. कड दुसऱ्या दिवशी घट्ट लागेल, पण दीड इंच रुंद पट्टा मध्ये कच्चाच असतो. दोन आठवडे द्या. आणि लेप पूर्ण झाल्यावरच सिलिकॉन, त्याच्यावर इपॉक्सी धरत नाही.

ओहोळ:
चिऱ्याचीच टाकी बांधा असं कुणी म्हणालं तर: चिरा पाणी पितो, सिमेंटचा चुना पाण्याचा पीएच चढवतो, आतून इपॉक्सी लागतेच. मग प्लाय काय वाईट?

गेलकोट_मालवण:
चाचणी घरात नको, खळ्यात (अंगणात). सहा-सहा इंच भरा, प्रत्येक टप्प्याला एक दिवस, पेन्सिलीची खूण. वर प्लास्टिक झाका, नाहीतर बाष्पीभवन झालेलं गळती समजाल. काठाला दोरी ताणून फुगवटा बघा. ३ एमएमपेक्षा जास्त असेल तर पाणी काढून आणखी आडपट्टी. पहिलं पाणी दोनदा फेका. बाहेरूनही प्लायला दोन हात द्या, पावसाळ्यात तो बाहेरूनच ओल धरतो. आणि रिकामी टाकी शंभर किलोच्या आसपास भरते, चार माणसांची सोय आधी करा.