एर्बिलचा बालेकिल्ला: विस्थापितांना बाहेर काढल्याने वास्तू वाचली का?

प्रश्न: चुनाविटा

इराकी कुर्दिस्तानची राजधानी असलेल्या एर्बिल शहरातील बालेकिल्ल्यावर मी संवर्धनाच्या अभ्यासक्रमातील चर्चासत्रासाठी टिपण लिहीत आहे आणि एका मुद्द्यापाशी अडलो आहे. या संस्थळावर वास्तुरचना, पुरातत्त्व आणि स्थापत्य अभियांत्रिकी या तिन्ही क्षेत्रांतील जाणकार वावरतात, म्हणून सविस्तर विचारतो.

शहराच्या मधोमध पंचवीस ते बत्तीस मीटर उंचीचे एक अंडाकृती टेकाड आहे. ते निसर्गनिर्मित नाही. एका वस्तीच्या पडझडीवर दुसरी वस्ती उभी राहत हजारो वर्षांत ते उंचावत गेले आहे. ॲसिरियन काळात अर्बेला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगरीतील इश्तार देवीचे मंदिर प्रसिद्ध होते. माथ्याचे क्षेत्र सुमारे दहा हेक्टर असून त्यावर उस्मानी काळातील चौकाचे वाडे आहेत आणि दरवाजापासून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरत गेलेल्या अरुंद गल्ल्या आहेत. विसाव्या शतकात सधन घराणी खालच्या नव्या शहरात बागा असलेल्या घरांत राहायला गेली आणि वाडे रिकामे पडत गेले. पुढे १९८०च्या दशकात सद्दाम हुसेनच्या राजवटीने कुर्दांची हजारो खेडी उद्ध्वस्त केली, तेव्हा तिथून परागंदा झालेली माणसे या वाड्यांत आसऱ्याला आली. एका घराण्यासाठी बांधलेल्या वाड्यात मधे भिंती घालून अनेक बिऱ्हाडे राहू लागली.

२००७ मध्ये उरलेल्या ८४० कुटुंबांना भरपाई देऊन खाली हलवण्यात आले आणि संवर्धनाचे काम एका स्वतंत्र उच्चायोगाकडे सोपवण्यात आले. सलग वस्तीची परंपरा तुटू नये म्हणून एकच कुटुंब वर ठेवले गेले, आणि दुरुस्तीनंतर पन्नास कुटुंबे वसवण्याचा मनोदय जाहीर झाला. २०१४ साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा यादीत घेतले.

माझा प्रश्न असा की, वास्तूच्या दृष्टीने सर्वांना बाहेर काढणे खरोखर अपरिहार्य होते का, की राहत्या माणसांसह टप्प्याटप्प्याने काम करता आले असते? आणि एका कुटुंबाच्या वास्तव्याला आपण वस्तीचे सातत्य म्हणायचे, की कागदोपत्री सोय?

उत्तर: निवृत्त अभियंता

माणसांनी वास्तूचे नुकसान केले असे आपण सहज म्हणतो, पण मातीच्या टेकाडाला खरी भीती पाण्याची असते, आणि एर्बिलमध्ये ते पाणी विस्थापित येण्याच्या कितीतरी आधी मुरू लागले होते. १९२४ मध्ये बालेकिल्ल्यावर पंधरा मीटर उंचीची पोलादी टाकी उभारून शुद्ध पाण्याचा पुरवठा सुरू झाला. सोय मोठीच होती. मात्र वापर वाढला तसे जमिनीत मुरणारे पाणीही वाढले आणि इमारतींचे पाये खचू लागले. खांद्यावरून पाणी वर आणणारे घर ते जपून वापरते, पण नळ आल्यावर तेच घर कितीतरी अधिक सांडपाणी बाहेर टाकते आणि त्याची निचऱ्याची व्यवस्था पूर्वीचीच राहते. आपल्याकडील अनेक गावठाणांत हे सर्रास घडले आहे: नळ आला, गटार आले नाही.

आता त्याच वाड्यांत पाचपट माणसे राहू लागली, तर शोषखड्डे किती भरतील आणि ते पाणी कुठे जाईल याचा विचार करा. टेकाडाचे थर एकजिनसी नसतात. कुठे राख, कुठे कच्च्या विटांचा चुरा, कुठे जुन्या विहिरीचा भराव, अशा थरांतून पाणी वाट काढत उताराकडे येते आणि उतार सुटू लागतो. एर्बिलमध्ये हे विशेष घातक आहे, कारण तिथे दुरून जो अभेद्य तट दिसतो तो कडेच्या वाड्यांच्या उंच भिंतींची सलग रांग आहे. ती एकोणिसाव्या शतकातील आहे आणि टेकाडाच्या ऐन कडेवर उभी आहे. उतार सुटला की कडेचे घर जाते, आणि एक घर गेले की तटाला खिंडार पडते.

त्यामुळे कडेच्या पट्ट्यातील कुटुंबांना हलवणे मला अपरिहार्य वाटते; ज्या भिंतीखालची माती सरकते आहे तिच्याआड मुले झोपवणे कोणीही मान्य करणार नाही. मात्र मधल्या भागाबद्दल मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही. तिथे आधी सांडपाण्याची बंद वाहिनी टाकून, मग एकेक आळी रिकामी करून दुरुस्त करता आली असती. तो मार्ग महाग, वेळखाऊ आणि प्रशासनाला डोकेदुखीचा असतो, म्हणून तो बहुधा कुठेच निवडला जात नाही.

उत्तर: माळवद

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात एक बाजू राहिली. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात ज्यांचे बालपण गेले त्यांना ती लगेच कळेल. एर्बिलच्या वाड्यांच्या भिंती भाजक्या विटांच्या असल्या तरी पारंपरिक छप्पर आपल्या माळवदाच्याच जातीचे आहे: लाकडी वासे, त्यावर चटया, त्यावर मातीचा जाड थर. आमच्याकडे तुळयांवर किलचण, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, त्यावर पाला किंवा तुराट्या आणि वर पांढरी माती असते, एवढाच काय तो फरक.

अशा छपराला दर वर्षी माणूस लागतो. मृगाआधी वर चढून उगवलेले गवत मुळासकट उपटावे लागते, उंदरांची बिळे बुजवावी लागतात, पांढरीची नवी माती पसरून चोपावी लागते आणि पन्हाळीचे तोंड मोकळे करावे लागते. पहिल्या पावसात घरातील एखादी म्हातारी कंदील घेऊन खोल्याखोल्यांतून वर पाहत फिरते आणि जिथे ठिपका दिसेल तिथे दुसऱ्या दिवशी माती पडते. कुर्दिस्तानातील खेड्यांत अशाच छपरांवर दगडी रूळ फिरवून माती दाबून घेण्याची रीत आहे. घर रिकामे झाले की हे सगळे थांबते. पाणी पन्हाळीऐवजी भिंतीत उतरते, तुळईचे भिंतीत रुतलेले टोक कुजते, आणि छप्पर एका बाजूने खाली आले की उघड्या पडलेल्या भिंतीला फार पावसाळे लागत नाहीत. आमच्या भागातील कितीतरी गढ्या शत्रूने पाडलेल्या नाहीत. वारस पुण्या-मुंबईला गेले आणि वर माती टाकायला कोणी उरले नाही, एवढ्यानेच त्या बसल्या.

म्हणून माझा प्रतिप्रश्न असा आहे की, ८४० कुटुंबे खाली उतरल्यावर शेकडो छपरांवर वर्षातून एकदा चढण्याचे काम कोणाकडे सोपवले होते? विस्थापितांनी वाड्यांत पत्रे ठोकले, सिमेंट फासले, मन मानेल तशा भिंती घातल्या हे खरेच असणार. तरीही तीच माणसे खेड्यांतून आलेली होती, मातीच्या घरांतच वाढलेली होती. ज्या कारागिरीसाठी तज्ज्ञांना पुढे माणसे शोधावी लागतात ती कारागिरी त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात होती, आणि त्यांना फक्त अडथळा म्हणून मोजले गेले.

उत्तर: यमुनाकाठ

मी दिल्लीत राहतो, म्हणून इथले उदाहरण देतो. पुराना किल्ल्याच्या तटांच्या आत इंद्रपत नावाचे गाव होते, आणि नवी दिल्लीच्या उभारणीच्या काळात, १९१३च्या सुमारास, ते तिथून हलवण्यात आले. पुढे १९४७ मध्ये याच रिकाम्या किल्ल्यात आधी पाकिस्तानात जाऊ पाहणाऱ्या मुसलमान कुटुंबांची छावणी पडली आणि नंतर पाकिस्तानातून आलेले हिंदू व शीख निर्वासित राहिले. हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारातही तेच झाले, आणि तिथल्या बागेची व पाण्याच्या पाटांची बरीच हानी झाली. संकटात माणूस भिंत आणि दरवाजा पाहतो. त्या भिंतीचे वय पाहत नाही. अशा माणसांच्या संदर्भात सरकारी पत्रव्यवहारात जो ‘अतिक्रमण’ हा शब्द सरसकट वापरला जातो तो मला खटकतो, कारण पुष्कळदा त्यांना तिथे सरकारनेच नेऊन ठेवलेले असते किंवा सोयीस्करपणे राहू दिलेले असते.

नुकसानीचा हिशेब मांडायचाच असेल तर तो पूर्ण मांडावा. एर्बिलच्या बालेकिल्ल्यात दक्षिण दरवाजापासून उत्तर दरवाजापर्यंत सरळ रस्ता काढण्यासाठी १९६०च्या सुमारास साठांहून अधिक घरे, एक मशीद आणि एक शाळा पाडली गेली. पंख्यासारखी गल्लीरचना मधोमध चिरली गेली ती तेव्हा, आणि ते काम निर्वासितांचे नव्हते.

मुंबईतील माहीमचा किल्ला या निमित्ताने आठवतो. तिथल्या अडीचशेहून अधिक झोपड्यांतील कुटुंबांना अलीकडच्या वर्षांत मालाडकडे पर्यायी घरे देऊन किल्ला मोकळा करण्यात आला. ती माणसे युद्धाने परागंदा झालेली नव्हती, पण शहरात दुसरीकडे जागा न मिळाल्याने तटाच्या आत शिरली होती, आणि समुद्राच्या लाटा तटाचा पाया खात असताना तिथे राहणे त्यांच्याही जिवावरचे होते. त्या प्रकरणात मला घरे आधी आणि पाडकाम नंतर हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

उत्तर: स्थपती

विस्थापितांची वस्ती म्हणजे वास्तूचा ऱ्हास हे समीकरण गृहीत धरण्याआधी क्रोएशियातील स्प्लिटकडे पाहावे. रोमन सम्राट डायोक्लिशियनने इसवी सन ३००च्या सुमारास तिथे तटबंदीचा प्रासाद बांधला. सातव्या शतकात जवळचे सलोना शहर उद्ध्वस्त झाल्यावर तिथले लोक जीव वाचवायला याच तटांच्या आत आले आणि परत गेले नाहीत. त्यांनी सम्राटाच्या समाधीमंदिराचे चर्च केले, खांबांमधल्या मोकळ्या जागांत भिंती घालून घरे केली. तरी, किंवा त्यामुळेच, तो प्रासाद आज ओळखू येईल इतका उभा आहे, कारण वापरात असलेल्या भिंतीचे दगड कोणी उपसून नेत नाही. सलोनाचे मात्र अवशेष उरले. १९७९ मध्ये युनेस्कोने स्प्लिट यादीत घेतले ते राहत्या माणसांसकट.

त्यातही गमतीचा भाग तळघरांचा आहे. वरच्या रहिवाशांनी कित्येक शतके आपला कचरा आणि मैला खालच्या रोमन तळघरांत सोडला आणि ती गच्च भरून गेली. विसाव्या शतकाच्या मध्यात ती उपसली, तेव्हा आतील कमानी शाबूत निघाल्या, आणि त्यांवरूनच वर नाहीशा झालेल्या दालनांचा आराखडा अभ्यासकांना कळला.

उत्तर: निवृत्त अभियंता

स्प्लिटचे उदाहरण वाचायला छान आहे, परंतु ते एर्बिलला लावताना जपावे. तिथे चुनखडीचा घडीव दगड आहे आणि इथे माती आहे. जो मैला दगडी कमानींना आधार देऊन गेला तोच टेकाडाला आतून ढिला करतो. संवर्धनात सामग्री आधी पाहावी आणि तत्त्वज्ञान नंतर, असे माझे मत आहे. ‘माळवद’ यांचा छपरांविषयीचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. रिकामी करण्याच्या आदेशात पाणी तोडण्याची तारीख असते, पण छपरांची जबाबदारी कोणाची हे लिहिलेले नसते.

प्रश्नकर्ता: चुनाविटा

सर्वांचे आभार. एक गोष्ट मांडतो, कारण तिचे काय करावे हे मला उमगत नाही. बालेकिल्ल्याचे नाव यादीत आले ते जून २०१४ मध्ये. त्याच महिन्यात मोसुल ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडले, आणि ऑगस्टपर्यंत निनवेच्या मैदानातून पळालेली हजारो कुटुंबे एर्बिलला लागून असलेल्या अंकावात चर्चच्या आवारांत आणि अर्धवट बांधलेल्या इमारतींत राहत होती. शहरात पुन्हा विस्थापित होते आणि वरचे वाडे रिकामे होते. त्यांना वर राहू द्यायला हवे होते असे मी म्हणत नाही, कारण वरची कित्येक घरे मोडकळीस आलेली होती. पण पन्नास कुटुंबे वसवायची तर ती कोणती, हा प्रश्न आता मला मूळ प्रश्नापेक्षा मोठा वाटू लागला आहे.

उत्तर: माळवद

पन्नास कुटुंबे निवडताना जुन्या घराण्यांचे वंशज, २००७ मध्ये उतरलेली कुटुंबे आणि नव्याने येऊ पाहणारे हौशी श्रीमंत असे तीन दावेदार साहजिकच पुढे येणार. माझे मत विचाराल तर दुसऱ्या गटातील निदान काही कुटुंबांना परत वर आणावे आणि घर देताना छपराची वार्षिक निगा ही करारातील अट ठेवावी. मातीचा आणि मजुरीचा खर्च उच्चायोगाने द्यावा. मात्र कुटुंब वर राहील ते खाली उतरणे-चढणे परवडले तरच. किराणा, दवाखाना, मुलांची शाळा आणि पायथ्याच्या कैसरी बाजारात रोजगार यांची सोय नसेल, तर घर फुकट देऊनही लोक दोन वर्षांत कुलूप लावून जातील. वस्त्रसंग्रहालयासारख्या संस्था २००४ पासून तिथे आहेत आणि चांगले काम करतात, पण संग्रहालय संध्याकाळी बंद होते आणि गळती बहुधा रात्रीच लागते. तुमच्या टिपणात एक नकाशा जरूर जोडा: कोणत्या घराचे छप्पर शाबूत आहे, कोणत्या घरापर्यंत सांडपाण्याची वाहिनी पोहोचू शकते आणि कोणते घर कडेच्या धोक्याच्या पट्ट्यात येते. तो नकाशा झाला की पन्नासचा आकडा योग्य आहे की वीसचा, याचे उत्तर वाद न घालता मिळेल.