मुलांच्या माइनक्राफ्टसाठी सर्व्हर कोणता निवडावा : अधिकृत, कम्युनिटी की घरचा?

धागाकर्ता, अमळनेर

आमच्या घरातील चार मुले माइनक्राफ्ट हा ठोकळे रचून जग उभारण्याचा खेळ खेळतात. दोघे येथे अमळनेरला, एक पुण्यात आणि एक सुरतेत असतो. आखाजीच्या सुट्टीत सगळे एकत्र आले असताना त्यांनी एका कम्युनिटी सर्व्हरवर, म्हणजे कोणा खेळाडूने इतरांसाठी चालवलेल्या संगणकावर, गाव वसवायला घेतले आणि सुट्टी संपल्यावरही आपापल्या घरून ते वाढवत नेले. गेल्या महिन्यात तो सर्व्हर कोणतीही सूचना न देता बंद झाला. चालवणाऱ्याकडून उत्तर नाही आणि आठ महिन्यांचे बांधकाम गेले.

आता खेळाच्या कंपनीची रिअल्म्स ही वर्गणीची अधिकृत सर्व्हर-सेवा घ्यावी, दुसरा कम्युनिटी सर्व्हर शोधावा, की घरातील जुन्या संगणकावर स्वतःचाच चालवावा, असा प्रश्न आहे. तिघे संगणकावर खेळाची जावा नावाची आवृत्ती खेळतात, सुरतचा भाचा मात्र मोबाइलवर खेळतो. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद, भुसावळ

मी घरून सर्व्हर चालवतो, म्हणून आधी अडचणी सांगतो. सर्व्हरचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, चार मुलांना 4 जीबी रॅम पुरते आणि ते सुरू करणे हे एका संध्याकाळचे काम आहे. खरे घोडे अडते ते इंटरनेट जोडणीपाशी. अनेक ब्रॉडबँड पुरवठादार एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांकी पत्ता) बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे राउटरमध्ये 25565 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे या खेळासाठीचे दार, उघडूनही बाहेरची मुले आपल्या संगणकापर्यंत पोहोचत नाहीत. मी पंधरा दिवस बिचाऱ्या राउटरलाच दोष देत होतो. यावर पुरवठादाराकडून जादा पैसे भरून स्वतंत्र स्थिर आयपी घेता येतो, किंवा टेलस्केल वा झिरोटियरसारखे सॉफ्टवेअर सर्वांच्या उपकरणांवर टाकून आपल्यापुरते खासगी जाळे तयार करता येते. मी दुसरा मार्ग धरला.

विजेचा हिशेबही करून ठेवावा. 60 वॉट खाणारा संगणक अहोरात्र चालला, तर महिन्याला सुमारे 43 युनिट होतात. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि बंद खोलीतला जुना संगणक तापून मध्येच मान टाकतो. म्हणून मी सर्व्हर संध्याकाळी सहा ते नऊ एवढाच चालवतो. वीज अचानक गेली आणि त्याच क्षणी जगाची फाइल लिहिली जात असली, तर ती बिघडू शकते, तेव्हा संगणक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. एवढी देखभाल करणारे मोठे माणूस घरात असेल, तरच या वाटेला जावे.

प्रतिसाद, धुळे

भुसावळच्या दादांशी मी सहमत आहे, पण अधिकृत म्हणजे कायमचे, असे कोणी धरून चालू नये. पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली आणि 30 ऑक्टोबरला तिची भारतातील सेवा थांबली, हे आपण पाहिलेच आहे. ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर 31 मार्च 2024 रोजी बंद झाले आणि ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांना तो एकट्यानेही खेळता येईना. याउलट ‘सिटी ऑफ हिरोज’ हा खेळ कंपनीने 2012 मध्ये बंद केला असता खेळाडूंनीच तो पुन्हा उभा केला आणि 2024 च्या जानेवारीत त्यांच्या ‘होमकमिंग’ सर्व्हरला कंपनीने रीतसर परवाना दिला.

त्यामुळे सर्व्हर कोणाचा आहे यापेक्षा जगाची प्रत कोणाच्या हाती राहते, हे मी आधी विचारतो. सार्वजनिक कम्युनिटी सर्व्हरवर ती चालवणाऱ्याकडे असते, आपल्याकडे नाही. तुमचे नुकसान नेमके तेथेच झाले. रिअल्म्समध्ये मालकाला जग उतरवून घेता येते. वर्गणी फक्त मालक भरतो आणि त्याच्याखेरीज एका वेळी 10 जण खेळू शकतात.

आपल्या बाबतीत खरी अडचण मोबाइलची आहे. मोबाइलवर बेडरॉक आवृत्ती असते आणि जावाच्या रिअल्ममध्ये तिला प्रवेश नाही. घरच्या जावा सर्व्हरवर गीझर नावाचे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) बसवले की मोबाइलवाला येऊ शकतो. आधीच्या सर्व्हरवरही बहुधा तेच असावे. मात्र जून 2022 पासून विंडोजसाठी जावा आणि बेडरॉक एकत्रच विकले जातात, तेव्हा मुलांच्या खात्यांत बेडरॉक आहे का, ते आधी तपासावे; असेल तर सगळ्यांना बेडरॉकच्या रिअल्ममध्ये एकत्र खेळता येईल.

प्रतिसाद, नंदुरबार

घरचा सर्व्हर चालवलाच, तर व्हाइटलिस्ट चालू ठेवावी, म्हणजे यादीतील नावांखेरीज कोणी आत येणार नाही. ‘ऑनलाइन मोड’ कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. तो बंद असला की खात्याची पडताळणीच होत नाही आणि कोणीही आपल्या भाच्याचे नाव लावून येऊ शकतो. अद्ययावत आवृत्ती वापरणेही तितकेच गरजेचे आहे, कारण 2021 च्या डिसेंबरमध्ये उघडकीस आलेल्या लॉगफोरजे या, खेळ वापरत असलेल्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या त्रुटीत, केवळ चॅटमध्ये विशिष्ट मजकूर टाकून सर्व्हरवर आणि खेळणाऱ्यांच्या संगणकावर परका प्रोग्रॅम चालवता येत होता.

अनोळखी खेळाडूंबरोबर नेमबाजीचे खेळ खेळायचे असते, तर मी अधिकृत सर्व्हरच सुचवला असता, कारण तेथे पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन येण्यास लागणारा वेळ) आणि चीटर या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त घरच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो. चौघा भावंडांच्या गावाला त्याची गरज नाही.

धागाकर्ता, अमळनेर

सर्वांचे आभार. खाती तपासली, तिन्ही मुलांकडे बेडरॉक निघाले. घरातील इन्व्हर्टरवर आधीच फ्रीज आणि पंखे आहेत, त्यामुळे स्वतःचा सर्व्हर तूर्त बाजूला ठेवून बेडरॉकचे रिअल्म घेत आहे. दर रविवारी जगाची प्रत उतरवून पेनड्राइव्हवर ठेवण्याचे काम थोरल्याकडे दिले आहे. पुण्याच्या मुलाला जावाचे मॉड, म्हणजे खेळात भर घालणारे व बेडरॉकवर न चालणारे फेरबदल, सोडवत नाहीत, त्याची समजूत मात्र अजून घालायची आहे.