प्रतिसाद: एका फाइलीत एकच फंक्शन

ज्या लेखनाला हा प्रतिसाद आहे, त्यात दोन गोष्टी जुन्या म्हणून सोडायला सांगितल्या आहेत: सांकेतिक नावे आणि एका फाइलीत एकच फंक्शन ठेवण्याची शिस्त. लापॅक या रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीतील (तयार फंक्शनांच्या संग्रहातील) सांकेतिक नावे आता सोडावीत, हे त्यातील मत मला मान्य आहे. 'डीजीईएसव्ही' या नावात दुहेरी अचूकता, सर्वसाधारण मॅट्रिक्स आणि समीकरणांची उकल एवढे सगळे कोंबावे लागले, कारण फोर्ट्रान ७७ या प्रोग्रामिंग भाषेच्या मानकात नावाला सहाच अक्षरांची मुभा होती. मात्र त्याच ओघात 'एका फाइलीत एकच फंक्शन' ही शिस्तही कालबाह्य ठरवली गेली, ते पटत नाही. स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे जिचा लागणारा भाग प्रोग्राममध्येच सामावला जातो ती, जोडताना लिंकर (सुटे भाग जोडून अंतिम प्रोग्राम बनवणारे साधन) सर्वसाधारणपणे सुटे फंक्शन उचलत नाही, तर ते ज्या ऑब्जेक्ट फाइलीत (एका कोड फाइलीपासून कंपाइल होऊन बनलेल्या फाइलीत) आहे ती अख्खी उचलतो. म्हणजे फाइलींची विभागणी थेट अंतिम प्रोग्रामच्या आकारावर उतरते.

नागपुरात आमच्या भूजलाच्या लायब्ररीत 'युटिल्स' या एकाच फाइलीत विहिरीतील पाण्याची पातळी किती खाली जाते हे काढणारे थाइस समीकरण, एककांची रूपांतरे आणि नेटसीडीएफ (वैज्ञानिक माहिती साठवण्याचा फाइल-प्रकार) वाचन हे सारे एकत्र होते. त्यामुळे फुटांचे मीटर करणाऱ्या छोट्या प्रोग्रामलाही नेटसीडीएफची लायब्ररी जोडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. तिन्हींच्या फाइली वेगळ्या करून त्यांना विषयावरून नावे दिल्यावर ही अट सुटली. 'युटिल्स' हे नाव तर मुळात ठेवूच नये, कारण त्यात काहीही टाकायला कोणाचीच हरकत राहत नाही.